बॅन केलेला आयपी परत परत येतोय? आधी बॅन खरंच लागतोय का ते पाहा, मग तक्रार करा

लिनक्सचा सर्व्हर पब्लिक आयपीवर आला की थोड्याच वेळात एसएसएचवर (दूरून लॉगइन करण्याच्या सोयीवर) पासवर्ड आजमावणारे बॉट हजर होतात. त्यावर फेलटूबॅन, म्हणजे लॉग वाचून वारंवार चुकणाऱ्या आयपीला फायरवॉलमध्ये अडवणारा प्रोग्राम, बसवणं हा सगळ्यांचा पहिला उपाय, आणि तो बरोबरही आहे. पण त्यानंतर ठरलेली तक्रार येते: फेलटूबॅन चालू आहे, आयपी बॅन झाल्याचं सांगतंय, आणि तरी तोच आयपी लॉगमध्ये पुन्हा पुन्हा दिसतोय. मग माणूस वैतागून त्या आयपीची तक्रार करतो, तिला उत्तर येत नाही, आणि शेवटी सगळं आहे तसंच सोडून दिलं जातं.

इथे दोन वेगळे बिघाड एकत्र झालेले असतात. बॅन नुसता कागदावर राहिलेला असतो, आणि तक्रार चुकीच्या ठिकाणी किंवा पुराव्याविना गेलेली असते. दोन्ही दुरुस्त होतात, पण याच क्रमाने करा. बॅन का लागत नाही हे शोधताना जे हाती लागतं, त्यावरूनच पुढची तक्रार खऱ्या माणसावर आहे की भलत्यावर हे ठरतं.

खाली आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीसारखी रोमनमध्येच टाकायची. उदाहरणातला २०३.०.११३.४५ हा पत्ता आरएफसी ५७३७ ने लिखाणातल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या मालिकेतला आहे, तो कोणाचाही नाही.

कोणी आत शिरलंय का, हे सगळ्यात आधी

फसलेले प्रयत्न मोजत बसण्याआधी यशस्वी लॉगइन पाहा. जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या लॉगमध्ये) किंवा ऑथ डॉट लॉगमध्ये ‘अ‍ॅक्सेप्टेड पासवर्ड’ आणि ‘अ‍ॅक्सेप्टेड पब्लिककी’ असलेल्या ओळी शोधा आणि त्यातले आयपी हल्ल्याच्या आयपींशी ताडून बघा. एकही जुळला, तर या लेखातलं बाकी काही करू नका. मशीन नेटवर्कपासून तोडा, डिस्कचा स्नॅपशॉट घ्या, ऑथराइज्ड कीज (कोणत्या कीनं आत येता येतं त्याची यादी) आणि क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) तपासा. भारतात असाल तर सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा यंत्रणेला कळवा. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार अशी घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे. नुसत्या फसलेल्या पासवर्डांसाठी ही घाई नाही.

कोणी शिरलेलं नाही याची खात्री झाली की पुढे.

‘ऑलरेडी बॅन्ड’ ही ओळ काय सांगते

फेलटूबॅनचा स्वतःचा लॉग उघडा. त्यात ‘बॅन २०३.०.११३.४५’ आणि त्याखाली ‘२०३.०.११३.४५ ऑलरेडी बॅन्ड’ अशा ओळी दिसतील. बॅननंतर सेकंदभरात अशी एखादी ओळ येणं ठीक आहे, कारण आधीचे प्रयत्न लॉगमध्ये उशिरा पोहोचतात. पण पाच मिनिटांनीही त्या येत असतील तर अर्थ स्पष्ट आहे: फेलटूबॅनने फायरवॉलमध्ये नियम टाकलाय, पण त्या आयपीची पॅकेट्स त्या नियमापर्यंत पोहोचतच नाहीत.

हे डोळ्यांनी पाहता येतं. आयपीटेबल्स वापरत असाल तर ‘आयपीटेबल्स उणे एल एफ२बी-एसएसएचडी उणे एन उणे व्ही’ चालवा. डावीकडे प्रत्येक नियमाला किती पॅकेट्स लागली याचा आकडा असतो. तो शून्यावर अडकलेला असेल आणि लॉगमध्ये प्रयत्न वाढत असतील, तर बॅन निरुपयोगी आहे. एनएफटेबल्स असेल तर ‘एनएफटी लिस्ट रूलसेट’ चालवून ‘एफ२बी-टेबल’ शोधा आणि त्याखालच्या नियमात कोणता पोर्ट लिहिलाय ते वाचा.

पोर्ट म्हणतोय कारण सगळ्यात जास्त वेळा घोटाळा तिथेच असतो. एसएसएच २२ वरून २२२२ वर हलवलेलं असतं, पण जेलमध्ये (फेलटूबॅनमधल्या त्या सेवेच्या नियमसंचात) ‘पोर्ट बरोबर एसएसएच’ तसंच राहिलेलं असतं. फेलटूबॅन ‘एसएसएच’ या नावाचा अर्थ सिस्टमच्या सर्व्हिसेस फाइलमधून काढतं, आणि तिथे तो २२ च असतो. म्हणजे हल्ला २२२२ वर चाललाय आणि बंद केलाय २२. जेल डॉट लोकलमध्ये पोर्टचा खरा आकडा लिहा, किंवा त्या जेलला सगळे पोर्ट बंद करणारी बॅनअ‍ॅक्शन (बॅन कसा लावायचा ते सांगणारी सेटिंग) द्या. मला दुसरा मार्ग जास्त पसंत आहे. जो एसएसएचवर पासवर्ड आजमावतोय त्याला वेबसाइट किंवा मेलचा पोर्ट तरी कशाला उघडा ठेवायचा? बदल जेल डॉट कॉन्फमध्ये मात्र करू नका. पॅकेज अपडेट झालं की ती फाइल बदलू शकते.

पोर्ट बरोबर असेल तर डॉकरकडे वळा. कंटेनरचा पोर्ट डॉकरने बाहेर उघडला असेल, तर ती पॅकेट्स फायरवॉलच्या ‘इनपुट’ साखळीतून (खुद्द या मशीनसाठीच्या पॅकेट्सच्या नियमांतून) जातच नाहीत. पत्ता बदलून ‘फॉरवर्ड’ मधून कंटेनरकडे जातात. फेलटूबॅनचा नियम मात्र डीफॉल्टने ‘इनपुट’ मध्ये असतो. जेलमध्ये ‘चेन बरोबर डॉकर-युजर’ लिहा. इथे आणखी एक खाच आहे: त्या टप्प्यावर पॅकेटवरचा पोर्ट आधीच बदललेला असतो, म्हणजे बाहेरचा ८०८० आत ८० झालेला असतो. त्यामुळे बाहेरचा पोर्ट लिहिला तर नियम पुन्हा शून्यावरच राहतो. इथेही सगळे पोर्ट बंद करणंच सोपं.

यूएफडब्ल्यूची (उबंटूच्या सोप्या फायरवॉलची) अ‍ॅक्शन लावली असेल तर एक वेगळं दृश्य दिसतं: नवीन कनेक्शन बंद होतात, पण आधीपासून जोडलेलं कनेक्शन काही प्रयत्न करत राहतं. यूएफडब्ल्यू चालू कनेक्शनांना सुरुवातीच्या नियमातच वाट देतं, म्हणून. आणि एनएफटेबल्सची सर्व्हिस रीस्टार्ट केली असेल तर सगळे नियम पुसले जातात, फेलटूबॅनचेही. फेलटूबॅनला मात्र बॅन अजून चालू आहेत असंच वाटत असतं. फायरवॉलला हात लावल्यावर फेलटूबॅन रीस्टार्ट करा, ते आपल्या डेटाबेसमधून शिल्लक बॅन परत लावतं.

वेबसाइट सीडीएनमागे असेल तर

वर्डप्रेसच्या लॉगइन पानावर किंवा एक्सएमएलआरपीसीवर हल्ला आहे, पुढे क्लाउडफ्लेअरसारखं सीडीएन, म्हणजे पाहुणे आणि तुमचा सर्व्हर यांच्या मधली प्रॉक्सी, आहे, आणि बॅन काहीच करत नाहीत. कारण उघड आहे. लॉगमध्ये हेडरमधून काढलेला पाहुण्याचा आयपी दिसतो, पण तुमच्या मशीनशी बोलणारी पॅकेट्स क्लाउडफ्लेअरच्या आयपीवरून येतात. लोकल फायरवॉलला पाहुण्याचा आयपी कधी दिसतच नाही. असा बॅन प्रॉक्सीवरच लावावा लागतो. फेलटूबॅनमध्ये त्यासाठी क्लाउडफ्लेअरची तयार अ‍ॅक्शन आहे.

याची उलट बाजू जास्त धोक्याची आहे. ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ हे हेडर कोणीही हवं ते लिहून पाठवू शकतो. एनजिनएक्स या वेबसर्व्हरला तुम्ही ‘सगळ्यांच्या हेडरवर विश्वास ठेव’ असं सांगितलं असेल, तर हल्लेखोर तिथे कोणाचाही आयपी घालेल, तुमचा लॉग तोच आयपी दाखवेल, आणि तुमची तक्रार एका निरपराध माणसावर जाईल. म्हणून एनजिनएक्समध्ये ‘सेट रिअल आयपी फ्रॉम’ ला फक्त प्रॉक्सीच्या जाहीर केलेल्या मालिकाच द्या. हे तपासल्याशिवाय वेबलॉगवरून एकही तक्रार पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे.

बॅनच होत नसेल तर

‘फेलटूबॅन-क्लायंट स्टेटस एसएसएचडी’ चालवल्यावर ‘टोटल फेल्ड’ शून्य आणि जर्नल मात्र भरलेलं, असं असेल तर फेलटूबॅन चुकीच्या जागी पाहतंय. डेबियन १२ च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये आरसिसलॉग (लॉग फाइलींत लिहिणारा प्रोग्राम) नसतं, म्हणजे ऑथ डॉट लॉग फाइलच नसते, आणि फेलटूबॅन सुरू होतानाच लॉग फाइल सापडत नाही म्हणून कोसळतं. जेल डॉट लोकलमध्ये ‘बॅकएंड बरोबर सिस्टमडी’ लिहिलं की सुटतं.

दुसरं कारण नवं आहे आणि भल्याभल्यांना चकवतं. जुलै २०२४ च्या ओपनएसएसएच ९.८ पासून प्रत्येक कनेक्शनचं काम ‘एसएसएचडी-सेशन’ या वेगळ्या प्रोग्रामकडे गेलं, आणि लॉगच्या ओळींवर ‘एसएसएचडी’ ऐवजी ते नाव यायला लागलं. फेलटूबॅनचा जुना फिल्टर (लॉगमधल्या ओळी ओळखणारा नमुना) जुन्या नावाचीच वाट बघत बसतो. सर्व्हर अपग्रेड केला आणि बॅन अचानक थांबले, तर आधी हेच तपासा. ‘फेलटूबॅन-रेजेक्स सिस्टमडी-जर्नल एसएसएचडी’ चालवलं की किती ओळी जुळल्या ते दिसतं. फेलटूबॅन अपडेट करा. ते शक्य नसेल तर फिल्टर डॉट डी मध्ये एसएसएचडी डॉट लोकल बनवून डीमनच्या नावात ‘-सेशन’ हा ऐच्छिक तुकडा जोडा.

बॅन लागतोय, पण संपतोय

डीफॉल्टने १० मिनिटांत ५ चुका झाल्या की १० मिनिटांचा बॅन लागतो. बॉटला १० मिनिटं म्हणजे काहीच नाही. आवृत्ती ०.११ पासून ‘बॅनटाइम डॉट इन्क्रिमेंट’ आहे. ते चालू केलं की प्रत्येक पुनरागमनाला बॅन लांबत जातो. जुन्या आवृत्तीत ‘रेसिडिव्ह’ जेल वापरा, ते फेलटूबॅनचाच लॉग वाचून सराईतांना आठवडाभर बाहेर ठेवतं. त्यासोबत ‘डीबीपर्जएज’ (नोंदी किती काळ ठेवायच्या ती मुदत) वाढवा, नाहीतर डेटाबेस दिवसभरातच जुन्या नोंदी विसरतो.

आणि जे हल्ले शेकडो आयपींवरून वाटून येतात, तासाला एका आयपीवरून दोनच प्रयत्न, त्यांना कुठलाही बॅन पुरत नाही. तिथे पासवर्डनं लॉगइन करणंच बंद करायला हवं. ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन नो’ लिहून थांबू नका. उबंटूच्या क्लाउड इमेजमध्ये एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी फोल्डरात ‘५०-क्लाउड-इनिट’ नावाची फाइल असू शकते आणि तिच्यात ‘यस’ लिहिलेलं असू शकतं. एसएसएचडी पहिली सापडलेली किंमत धरतं आणि हा फोल्डर मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच वाचला जातो, त्यामुळे खालचं तुमचं ‘नो’ वाया जातं. ‘एसएसएचडी उणे कॅपिटल टी’ चालवून प्रत्यक्षात काय लागू आहे ते वाचा. ‘केबीडी-इंटरअ‍ॅक्टिव्ह ऑथेंटिकेशन’ सुद्धा ‘नो’ हवं. हे बदलताना एक एसएसएच खिडकी उघडी ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून कीनं लॉगइन होतंय याची खात्री झाल्यावरच ती बंद करा.

आता तक्रार: कोणाची, आणि कोणाकडे

लॉगमधली एक ओळ नीट पाहू. ‘फेल्ड पासवर्ड फॉर इनव्हॅलिड युजर पीआय फ्रॉम २०३.०.११३.४५ पोर्ट ५१५१४’. युजरचं नाव ‘पीआय’ म्हणजे हा बॉट रास्पबेरी पाय शोधतोय. त्या उपकरणात हे नाव आणि ठरलेला पासवर्ड वर्षानुवर्षं होता, एप्रिल २०२२ मध्ये तो काढला गेला. ‘यूबीएनटी’ असेल तर वायफायची उपकरणं, ‘पोस्टग्रेस’ किंवा ‘हडूप’ असेल तर डेटाबेसची मशीनं. हल्ला करणारं मशीनही बहुतेक वेळा असंच कोणाचं तरी असतं: कॅमेरा, राउटर, विसरलेला सर्व्हर. २०१६ च्या मिराई बॉटनेटने लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर असेच गिळले होते. म्हणजे ज्याच्याकडे तुम्ही तक्रार करताय तो बऱ्याचदा स्वतःच पीडित असतो. भाषा त्या हिशेबाने ठेवा. ‘तुमच्या नेटवर्कवरचं हे मशीन बाधित झालेलं दिसतं’ या वाक्यावर काम होतं. धमकीचं पत्र बाजूला पडतं.

हा आयपी खरा आहे का, हेही ठरवावं लागतं. एसएसएचवर पासवर्डपर्यंत यायला टीसीपीची पूर्ण हातमिळवणी लागते, म्हणून तिथला आयपी खोटा नसतो. यूडीपीवर तसं नाही. डीएनएस किंवा मेमकॅश्ड (डेटा तात्पुरता साठवणाऱ्या सर्व्हर-प्रोग्राम) यांच्या उत्तरांचा पूर आला तर पाठवणारे आयपी हे फक्त उघडे पडलेले सर्व्हर असतात, खरा हल्लेखोर तुमचा पत्ता चोरून त्यांना प्रश्न विचारत असतो. २८ फेब्रुवारी २०१८ ला गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा हल्ला झाला तो याच मेमकॅश्डच्या वाटेने. अशांना ‘हल्लेखोर’ म्हणून नाही, ‘तुमचा सर्व्हर उघडा आहे’ म्हणून कळवा. शोदान, सेन्सिस, शॅडोसर्व्हर या इंटरनेटची पाहणी करणाऱ्या संस्थांचे स्कॅनरही लॉगमध्ये दिसतात. ते पोर्ट चाचपतात, पासवर्ड आजमावत नाहीत. त्यांची तक्रार करून कोणाचाच वेळ घालवू नये.

पत्त्याचा मालक शोधायला ‘हूइज’ ही आज्ञा. त्यात देशाचं नाव पाहून थांबू नका, तो फक्त नोंदणीचा देश असतो. तुम्हाला हवी आहे ‘अब्यूज-मेलबॉक्स’ ची ओळ. आयपी पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्था प्रदेशवार आहेत; उत्तर अमेरिकेच्या एआरआयएनमध्ये या ओळीचं नाव ‘ऑर्गअब्यूजईमेल’ असतं. आशियातल्या पत्त्यांची नोंद एपीनिककडे आणि भारतातल्या अनेक पत्त्यांची निक्सीच्या आयआरआयएनएनकडे असते. एपीनिक आणि युरोपची राइप या दोघांनीही हा पत्ता देणं आणि तो वेळोवेळी तपासून घेणं सभासदांना सक्तीचं केलंय, त्यामुळे तिथे सहसा कोणीतरी वाचणारं असतं. कंपनीच्या वेबसाइटवरच्या ‘संपर्क’ पानावर किंवा विक्री विभागाला मेल टाकणं व्यर्थ आहे. मोठ्या क्लाउड कंपन्यांचा तक्रारीचा स्वतंत्र फॉर्म असतो. तिथे फॉर्मच भरा.

मेलमध्ये काय असावं? विषयात आयपी आणि ‘एसएसएच ब्रूट फोर्स’. आत पहिला आणि शेवटचा प्रयत्न कधी झाला ते, टाइमझोनसकट; शक्यतो यूटीसीमध्ये, नाहीतर ‘+०५:३०’ स्पष्ट लिहून. तुमचा कोणता पोर्ट, आणि लॉगच्या पाच-दहा ओळी तशाच्या तशा, मजकूर म्हणून. स्क्रीनशॉट नको, पलीकडे बहुतेक ठिकाणी आधी स्क्रिप्टच वाचते. त्या ‘पोर्ट ५१५१४’ ला कात्री लावू नका. मोबाइल नेटवर्कवर सीजीनॅटमुळे (एक आयपी अनेकांत वाटून देण्याच्या पद्धतीमुळे) एकाच आयपीमागे असंख्य ग्राहक असतात, आणि अचूक वेळ व सोर्स पोर्ट, म्हणजे पाठवणाऱ्याकडचा हा ५१५१४, असल्याशिवाय कंपनीला त्यातला नेमका ग्राहक शोधता येत नाही. याच कारणाने अशा आयपींवर महिनाभराचा बॅनही लावू नये. त्यात तुमचेच ग्राहक अडकतील. सर्व्हरचं घड्याळ एनटीपीशी (इंटरनेटवरच्या प्रमाण वेळेशी) जुळलेलं आहे ना, तेही पाहा, नाहीतर वेळेचा सगळा पुरावा फुकट.

पाठवण्याआधी त्या ओळी एकदा स्वतः वाचा. घाईत कधी कधी आपलाच सहकारी युजरनेमच्या जागी पासवर्ड टाकतो आणि तो ‘इनव्हॅलिड युजर’ म्हणून लॉगमध्ये जसाच्या तसा छापला जातो. अब्यूजआयपीडीबी या हल्लेखोर आयपींच्या सार्वजनिक यादीवरची टिप्पणी सगळ्या जगाला दिसते. फेलटूबॅनची अब्यूजआयपीडीबी अ‍ॅक्शन जोडताना जुळलेल्या ओळी आपोआप पाठवण्याऐवजी ठरावीक वाक्य पाठवायला लावा. त्या यादीत एसएसएचच्या हल्ल्याला वर्ग १८ आणि २२ द्यायचे, वेबच्या हल्ल्याला २१. एकच आयपी १५ मिनिटांत दुसऱ्यांदा स्वीकारला जात नाही, म्हणून ही अ‍ॅक्शन एसएसएचडी आणि रेसिडिव्ह अशा दोन्ही जेलना लावू नका. इग्नोरआयपीमध्ये (कधीच बॅन न करायच्या आयपींच्या यादीत) आपलं ऑफिस, मॉनिटरिंग आणि व्हीपीएन आधी घाला, मगच अब्यूजआयपीडीबीची एपीआय की जोडा. स्वतःच्याच ऑफिसचा आयपी सार्वजनिक यादीत गेला की मेल स्पॅममध्ये पडण्यापर्यंत त्रास जातो.

अब्यूजआयपीडीबी, डीशील्ड, ब्लॉकलिस्ट डीई या सामायिक नोंदी आहेत. मशीन बंद करण्याची ताकद मालकाकडेच असते. आठवडाभरात उत्तर नाही आणि हल्ला चालूच असेल, तर त्या आयपीचा एएस क्रमांक (त्याच्या नेटवर्कचा ओळख क्रमांक) काढा आणि त्या नेटवर्कला वरून जोडणी देणाऱ्याला तोच पुरावा पाठवा. तिथूनही काही हललं नाही तर ते आख्खं जाळंच तसलं आहे का, हे स्पॅमहाउस या संस्थेच्या ‘ड्रॉप’ नावाच्या यादीत पाहा. त्या यादीतल्या मालिका फायरवॉलवर सरसकट बंद करायला मी कचरत नाही. एकेक देश बंद करण्यापेक्षा ते कितीतरी नेमकं आहे.

पाठवलेल्या तक्रारींची आणि लॉगची प्रत १८० दिवस जपून ठेवा, सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत लॉगसाठी ही मुदत आहे. आणि आपला स्वतःचा पब्लिक आयपीही अब्यूजआयपीडीबीवर टाकून बघत चला. कॉलेज किंवा संस्थेची स्वतःची मालिका असेल तर शॅडोसर्व्हरचा रोजचा अहवाल फुकट मिळतो, त्यासाठी नोंदणी करा. त्यात आपला एखादा आयपी दिसला तर त्या मशीनवर ‘एसएस उणे टीएनपी’ चालवा, आणि बाहेरच्या मशीनांच्या पोर्ट २२ कडे धावणारी कनेक्शन कोणत्या प्रोसेसची आहेत ते तिथूनच शोधायला लागा.